मावशींची वाढपी पलटण

नव्या मुलाला मावशींनी कधी नाव विचारलं नाही, की गाव विचारलं नाही. पोरगं कोरियाचं असो, केनियाचं असो, नाहीतर घाटकोपरच्या शेठजींचं, मावशींचा पहिला सवाल एकच. "हात धुतलेस काय?" त्याने मान हलवली रे हलवली, की त्याच्या हातात पळी. मराठी कळो न कळो, पळीचं काय करायचं ते जगातल्या सगळ्या पोरांना कळतं.

मुलुंडच्या आमच्या इंटरनॅशनल शाळेचं जेवणघर मावशींच्या ताब्यात होतं. माहुलच्या कोळीवाड्यातून पहाटे निघून त्या यायच्या. अंगापिंडाने दणकट, आणि आवाज असा, की मुख्याध्यापकसुद्धा रांगेत उभे राहत. मीही त्यांना टरकूनच असायचे. मी तिथे मराठी शिकवते.

नवीन मूल आलं की आमच्याकडे थाट असतो. फुगे, शुभेच्छापत्र, सोबतीला एक मित्र नेमून द्यायचा, टाळ्या. आठवड्याभरात फुगे उतरतात आणि पोर कोपऱ्यात एकटं बसलेलं दिसतं. मावशी करवादायच्या, "लाड करू करू पावणा करून ठेवलाय त्याला. पावण्याला खुर्ची देतात मॅडम, घरच्याला काम." मी हसून सोडून द्यायचे. म्हटलं, बाईंना माणसं कमी पडत असतील.

मग माझी सई सहावीत आमच्याच शाळेत आली, शिक्षकांच्या मुलांना सवलत असते त्यात. भांडुपच्या मराठी शाळेत वर्ग डोक्यावर घेणारी माझी पोर इथे जिन्यात बसून डबा खायला लागली. वाईट कुणीच वागत नव्हतं हो, तीच तर पंचाईत! तक्रार करायची कुणाची? एक दिवस म्हणाली, "आई, मला परत जुन्या शाळेत घाल. इथे मी आले काय नि नाही आले काय, कुणाला कळतसुद्धा नाही."

मी अक्कल चालवली. तिच्या वर्गातल्या मुलींना घरी बोलावलं, पिझ्झा मागवला, कपाटातल्या ठेवणीतल्या बश्या काढल्या. मुली गोड हसल्या, "थँक यू आंटी" म्हणाल्या आणि गेल्या. सोमवारी सई पुन्हा जिन्यात. शेवटी मी दाखल्यासाठी अर्ज लिहिला.

तो ऑफिसात द्यायला निघाले, तर जेवणघराच्या दारातून दिसलं, कमरेला एप्रन बांधून माझी सई पोरांना भाजी वाढतेय. समोर ताटं घेऊन बड्या बड्या घरची मुलं. तिडीक गेली माझ्या मस्तकात. तशीच आत घुसले.

"मावशी, वाढायला तुम्हाला शिक्षकाचीच मुलगी सापडली?"

मावशींनी भाताचं पातेलं खाली ठेवलं. "मॅडम, वरडायचं तर वरडा, पण जरा बाजूला व्हऊन. लाईन अडलीय. आणि आधी बघा तरी. चार दिस झालं, जिन्यातनं उठवून आणलीय मी पोरीला."

बाजूला झाले आणि बघितलं. सईच्या शेजारी डाळ वाढत होता तिच्या वर्गातला एक कोरियाचा मुलगा. पलीकडे पोळ्यांवर एका बिल्डरची लेक, पिझ्झाला आलेली तीच. आणि माझी बया दोघांना दम देत होती, "अरे, हळू ओत ना! मागच्यांना काय पाणी वाढणार?" तो निमूट "ओके, सई" म्हणाला. बिल्डरच्या लेकीने तिला विचारलं, "उद्या पण आहेस ना गं तू? काल तू नव्हतीस तर याने नुसता सावळा गोंधळ घातला."

काल नव्हतीस! म्हणजे पोर नाही हे कुणाला तरी कळलं होतं. हुश्श! महिनाभर छातीवर ठेवलेला धोंडा उतरला. अर्ज मी तिथेच खरकट्याच्या बादलीत टाकला.

"मावशी, नको ते बोलले मी."

"आईनं नाय वरडायचं तर कुणी?" त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट बघून, "चार वरसं झाली तुम्हाला इथं. जेवता कुठं तुम्ही?"

मी वर्गाचं दार लोटून एकटीच जेवायचे. शिक्षकांच्या खोलीतल्या त्या फाडफाड इंग्रजी गप्पांत आपलं काय काम, असं वाटायचं. हे मी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

"ताकाला माणूस नाय माझ्याकडं," मावशी म्हणाल्या. "उद्या साडेबाराला या."

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि मावशींनी काम सोडलं. निरोपाला सगळी शाळा रडली, मी जरा जास्तच. सई आता आठवीत आहे आणि मला भाव देत नाही, म्हणजे सगळं झकास चाललंय.

परवा मीटिंग लांबली. साडेबारा उलटून गेले, तरी आमचं चालूच. एवढ्यात खालून, जेवणघराच्या रांगेतून, चार देशांच्या पोरांनी एका सुरात हाक मारली, "मिस, ताक!"

मी वही मिटली आणि "सॉरी हं, मुलं खोळंबलीत" म्हणून मुख्याध्यापकांसमोरून सरळ उठून गेले.