मागच्या भिंतीच्या तिफणी

मार्च संपत आला की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. वाशी गावात वडिलांचा शेतीची औजारं बनवायचा छोटा कारखाना आहे आणि हिशेब माझ्याकडे. वर्षअखेरीला शेडमध्ये उरलेल्या प्रत्येक वस्तूची किंमत लावायची. नियम साधा: बनवायला आलेला खर्च आणि विकून हाती येईल ती रक्कम, यांत जी कमी ती धरायची. साधे नियमच घरात भांडणं लावतात.

त्या वर्षी अडलं ते मागच्या भिंतीच्या तिफणींवर. बैलांनी ओढायच्या, पेरणीच्या लोखंडी तिफणी. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, स्वतःच्या हातानं जोडलेल्या. गिऱ्हाईक कधीच ट्रॅक्टरकडं वळलेलं. तरी दर दसऱ्याला पूजेआधी अण्णा त्यांना लाल रंग देत, एका डब्यात सगळ्या व्हाव्यात म्हणून टर्पेंटाईन घालून पातळ केलेला, आणि तो खर्च तिफणींच्याच किमतीत चढवत. म्हणजे तिफण जितकी जुनी, तितकी कागदावर महाग! मी आधी हसले, मग वैतागले. ऑडिटर दुसऱ्या दिवशी येणार होते. मी सकाळपासून नुसत्या येरझाऱ्या घालत होते, शेवटी बोलून टाकलं.

"अण्णा, ह्यांना भंगाराचाच भाव लावावा लागंल."

"भंगार? पूजा केलेल्या वस्तूला?"

"रंग दिला म्हणून किंमत वाढत न्हाय. घेणार कोण, सांगा."

"पाऊस लई झाला की ट्रॅक्टर रुततंय. तवा येत्यात का न्हाय बघ."

"शेवटचं गिऱ्हाईक कधी आलतं?"

अण्णा एका फणावरून हात फिरवत राहिले. मला माझाच राग आला, पण आकडा मी बदलला नाही.

एरवी मालाची यादी ते ओळ न् ओळ मोठ्यानं वाचायला लावत. त्या दिवशी न वाचताच सही केली. "भंगार म्हन, पर इकू नगंस," एवढंच म्हणाले.

दसरा तोंडावर आला तरी त्यांनी रंग मागवला नाही. मी वाट बघितली, चिडचिड केली, कामगारांवर उगाच ओरडले. खंडेनवमीला राहवेना. बाजारात जाऊन लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आले.

अण्णांनी डब्याकडं पाहिलं. "ह्याचा खर्च कशात धरनार?"

"कशातच न्हाय."

ते तिफणीशेजारी खाली बसले, ब्रश हातात घेतला.

"मग टर्पेंटाईन घालू नगंस," म्हणाले. "घट्टच लावू."