गाळलेला ‘नॉट’

कीर्ती मगदूम विश्रामबागेतल्या एका बेदाणा निर्यातदाराच्या ऑफिसात अकरा वर्षं होती. इंग्रजीत एम.ए. झालेली. परदेशी पाठवायचं प्रत्येक पत्र तिच्या नजरेखालून जायचं. मात्र फोन वाजला की ती मालकांकडे बघायची. मनात वाक्य नीट जुळवेपर्यंत समोरचा पुढच्या प्रश्नावर गेलेला असायचा.

गेल्या वर्षी कवठे महांकाळकडची समीक्षा कामाला लागली. तिच्या घरी अजून मेंढरं होती. आली तेव्हा तिला ‘हॅलो’च्या पुढे जाता येत नव्हतं. रोज दुपारी डबा खाल्ल्यावर ती जिन्यात उभी राहून मोबाइलवर पाच मिनिटं इंग्रजीत बोलून रेकॉर्ड करायची, तेच ऐकायची, पुन्हा बोलायची. सकाळपासून काय काय केलं, एवढंच. आठ महिन्यांत ती दुबईच्या व्यापाऱ्याशी बोलायला लागली. काळ चुकायचे, क्रियापदं चुकायची, पण त्याला सगळं कळायचं. कीर्ती शेजारी बसून तिच्या चुका मोजायची. एका फोनमध्ये चौदा. तरी मालक म्हणाले, “यापुढं फोन समीक्षाच घेईल.”

त्या दिवशी कीर्तीला जेवण गेलं नाही.

आठवड्याभरात समीक्षानं तिला एक मेल दाखवला. वाटेत माल भिजणार नाही, असं व्यापाऱ्याला कळवायचं होतं. ‘नॉट’ लिहायचा राहिला होता. कीर्तीला ती चूक पहिल्या नजरेतच दिसली.

“बरोबर आहे,” ती म्हणाली.

मेल गेला आणि दहा मिनिटांत व्यापाऱ्याचा फोन आला. समीक्षा आधी गोंधळली, मग हसली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिनं माफी मागितली, गोदामात जाऊन व्हिडिओ कॉलवर बेदाण्याच्या दुहेरी पिशव्या दाखवल्या. व्यापाऱ्यानं आणखी एका कंटेनरची मागणी नोंदवली.

संध्याकाळी स्टँडकडे जाताना कीर्तीला राहवलं नाही.

“तो ‘नॉट’ राहिलेला मला दिसला होता.”

समीक्षा थांबली. “मला वाटलंच हुतं, ताई. तुमच्या नजरंतनं चूक कवा सुटत न्हाई.”

एवढंच बोलून ती बसमध्ये चढली. दुसऱ्या दिवसापासून समीक्षा चहा पूर्वीसारखाच कीर्तीबरोबर घ्यायची, पण मेल दाखवणं तिनं बंद केलं. चूक असली तरी तशीच पाठवायची.

महिन्याभरानं एका दुपारी कीर्ती गच्चीवर गेली. मोबाइलसमोर इंग्रजीत बोलायला लागली. सकाळी उठले, पोहे केले. पहिल्याच वाक्यात काळ चुकला. तिनं ते पुसलं. दुसरं, तिसरंही पुसलं. चौथं तसंच ठेवलं आणि ऐकलं. स्वतःचा आवाज तिला परका, घाबरलेला वाटला.

ती आता रोज जाते. पण खाली समीक्षा फोनवर मोकळं हसली, की कीर्तीची जीभ अजून अडते आणि ती नकळत समीक्षाच्या चुका मोजायला लागते. काल नऊ होत्या.