नऊशे वाव, समुद्रापासून

माझे सासरे बाबली यांनी पन्नास वर्षं तारकर्लीच्या समुद्रात जाळी टाकली, पण डोंगर कधी चढले नव्हते. २००७च्या जानेवारीत माझी रिया कॉलेजच्या मुलांबरोबर कळसूबाईला निघाली. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, चोपन्नशे फूट, असं तिने सांगितलं तेव्हा मामंजींनी लगेच सहाने भागलं. दोन्ही हात पसरून दोर धरला की एक वाव, म्हणजे सहा फूट. पाणी किती खोल, ते असंच मोजतात.

"नऊशे वाव," ते म्हणाले. "मी पण येतंय."

होडीतले त्यांचे भागीदार भिकाजी दारापुढच्या खळ्यातच बसले होते. "जन्मभर वीस वावांत जाळी टाकलंस. नऊशे वाव तुझ्या बापाशीन तरी बघलल्यान काय?"

झालं, पैज लागली. नारळी पौर्णिमेला होडीवरून नारळ कोणी सोडायचा यावर दोघांचं दरवर्षी वाजतं. जिंकेल त्याचा यंदाचा नारळ. अडुसष्टाव्या वर्षी हे काय, म्हणून मी खूप सांगून पाहिलं. शेवटी पिशवीत गोळ्या आणि दोन मफलर भरून दिले.

सकाळी साडेआठला फोन आला. रिया धापा टाकत हसत होती. शिड्या, साखळ्या सगळं पार करून आजोबा वर पोचले होते, तेही अनवाणी! मी देवापुढे साखर ठेवली. तेवढ्यात ती म्हणाली, "आई, पण आता आम्ही परत खाली चाललोय. आजोबांना पुन्हा चढायचंय."

पायथ्याच्या गावात त्यांच्या दत्तप्रसाद सरांनी उंची मोजायचं घड्याळ दाखवलं होतं. ते गावच चोवीसशे फुटांवर. मामंजींचा चेहरा पडला. "चारशे वाव तर एसटीच चढली. मी खंय चढलंय?" मुलं म्हणाली, मालवणात कोणाला कळणार आहे? त्यावर ते म्हणाले, "उंची दर्यापासून मोजतत मां? मग दर्याक कळतला."

म्हणून आता चारशे वाव खाली उतरायचं आणि तेवढंच पुन्हा चढायचं. सोबत कोण, विचारलं, तर रियाच.

त्यानंतर मी एक भांडं धड घासलं नाही. अकरा वाजता भिकाजीकाका बातमीला आले आणि जेवायलाही घरी गेले नाहीत. मी तिसऱ्यांदा चहा केला. "घोरपडीसारखो चिकटतलो तो," ते मला धीर देत होते, आणि स्वतःच पुन्हा पुन्हा फोनकडे बघत होते.

दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. पलीकडे आधी नुसता वारा, मग मामंजी.

"सूनबाय, पुरे नऊशे. भिक्याक सांग."

मी काही बोलायच्या आत काकांनी माझ्या हातातून फोन घेतला. डोळे पुसत, आवाज मात्र दरडावणीचा.

"बाबल्या, नारळ तुझो. आता घराक ये. उतरताना चारशे वाव एसटीन उतरलंस तरी माका चलात."