एकाच नावाचे दोन फोटो

स्टुडिओत सगळे तिला ताई म्हणायचे, मालकसुद्धा. लग्नाचे फोटो कॅमेऱ्याच्या कार्डातून कॉम्प्युटरवर घ्यायचे, एकेकाला नाव द्यायचं, मग कार्ड रिकामं करायचं, हे तिचं काम. इतक्या वर्षांत एक फोटो हरवला नव्हता. देवाची कृपा, ती म्हणायची.

मावसभाऊ घरी बसून होता, तेव्हा तिनेच मालकाकडे शब्द टाकला. पोरगा हुशार. आल्या आल्या त्याने स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली. बटण दाबलं की फोटो आपोआप आत; नाव म्हणजे फोटो काढल्याची तारीख आणि वेळ, अगदी सेकंदापर्यंत.

"आणि दोन कॅमेऱ्यांनी एकाच सेकंदाला काढला तर?" ताईने विचारलं. "नाव एकच होईल की रे."

"तू ना ताई, उगाच शंका काढतेस. होत नाही तसं."

झालं तसंच. एका लग्नात नवरीने आजोबांना मिठी मारली आणि दोन्ही कॅमेरे एकदम खटखटले. दुसरा फोटो आला तो पहिल्याला पुसून त्याच्या जागी बसला. उरले फक्त पाठमोरे आजोबा. कार्डं तर केव्हाच रिकामी झालेली. नवरीची आई काउंटरवर येऊन रडली.

दुसऱ्या दिवशी मालकाने दोघांना आत बोलावलं. ताईला वाटलं, आपलाच माणूस, आपण कशाला नाव घ्यायचं? देवा, याला खरं बोलायची बुद्धी दे, एवढंच मनात म्हणाली.

"स्क्रिप्ट ठीक आहे, सर. चालवून बघा ना," तो म्हणाला. "बाईंनी कॉपी व्हायच्या आतच कार्ड पुसलं असणार."

बाईंनी!

मालकाने चालवून बघितलं. प्रत्येक नावाच्या शेवटी कॅमेऱ्याचा नंबर, एकावर एक फोटो बसेल कसा?

"हे नंबर काल नव्हते, सर," ताई म्हणाली.

"पहिल्यापासून आहेत," तो शांतपणे म्हणाला. आज सकाळी तो तिच्याआधी आला होता, ते तिला आत्ता उमगलं.

मालकाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. "ताई, आजपासून तुम्ही काउंटर बघा."

तो मागोमाग बाहेर आला. "ताई, राग मानू नकोस गं. तुला ते काढणार नाहीत. मला काढलं असतं."

खरं होतं ते. आधी येऊन एवढंच म्हणाला असता, तर तिने सगळं आपणहून अंगावर घेतलं असतं.

"आत बाई म्हणालास," ती म्हणाली, "आता बाईच म्हण." आणि काउंटरकडे निघाली.