दहीकाल्याची दुपार आणि आक्कांची पावलं

माझं माहेर कणकवलीजवळचं. म्हणजे भुताखेतांच्या गोष्टी मी काही कमी ऐकल्या नाहीत... पण खरं सांगू? एक अक्षर कधी मानलं नाही. कुणी म्हणालं, अमक्या झाडाखाली बाई उभी दिसली, की मी विचारायची — जेवून गेला होतास की उपाशी? अजूनही माझा स्वभाव तसाच आहे. या एका गोष्टीपुढे मात्र माझं तोंड बंद होतं.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचं साल असेल. आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहायचो. आमचे हे कारखान्यात फोरमन, रिटायर व्हायला आलेले. प्रोस्टेट वाढली होती, पण लाजाळू माणूस! मलासुद्धा पत्ता लागू दिला नाही. रात्री सारखे उठायचे आणि वर म्हणायचे, "मच्छर फार झालेत गं." शेवटी एक दिवस लघवी पार तुंबली, तेव्हा घाटकोपरच्या एका नर्सिंग होममध्ये पोट उघडून ऑपरेशन करावं लागलं. कॉलनीत मात्र सगळ्यांना सांगितलं — हर्निया!

गावी आक्कांना तर काहीच कळवलं नाही. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. सासूबाई गेल्या तेव्हा हे तान्हे होते आणि आक्का स्वतः परकरातली पोर. त्यांनीच यांना न्हाऊमाखू घातलं, वाढवलं. पुढे लग्न झालं, लवकरच नवरा गेला, मूलबाळ नाही... हेच त्यांचं मूल. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. अशा बाईला कशाला घोर लावायचा, म्हणून यांनी सक्त ताकीद दिली होती — गावात कुणाला कळता कामा नये.

ऑपरेशन चांगलं झालं. पण नळी काढली आणि लघवी होईना! तुम्ही हसाल, पण त्या वॉर्डात सगळे एकाच गोष्टीची वाट बघत असायचे. बाजूच्या खाटेवरचे मेहताभाई, त्यांचंही तेच ऑपरेशन झालेलं, ते तर डब्यातला ढोकळा खाता खाता ओरडून विचारायचे, "काय साहेब, झाली के नाय? माझी तर एकदम फस्ट क्लास!" हे चादर तोंडावर ओढून घ्यायचे.

त्या दिवशी डॉक्टर स्पष्टच बोलले. "संध्याकाळपर्यंत वाट बघू. नाही झाली तर परत नळी, आणि नळी-पिशवीसकट घरी."

हे भिंतीकडे तोंड करून पडले. मग हळूच म्हणाले, "पिशवी घेऊन मी कॉलनीत पाऊल टाकणार नाही. तू जा घरी."

"आणि तुम्ही?"

यांनी पांघरूण कानावर ओढलं. उभ्या आयुष्यात कधी कुणापुढे वाकलेला माणूस नव्हता हो...

तो दहीकाल्याचा दिवस होता. खाली रस्त्यावर हंडी बांधलेली. ढोल वाजायला लागले तसा सगळा वॉर्ड गॅलरीत पळाला. सिस्टर पळाली, मेहताभाईसुद्धा पोट धरून गेले. समोरच्या बिल्डिंगमधून बायका गोविंदांवर बादल्या ओतत होत्या. अख्खा रस्ता ओलाचिंब, आणि आमच्या माणसाचा एक थेंब नाही!

मी म्हटलं, "चला, आता कोणी नाही, बाथरूममध्ये बसून बघा." यांना धरून पॅसेजच्या टोकापर्यंत नेलं. सिस्टर सांगायची, नळ सोडा, पाण्याच्या आवाजाने होते. म्हणून मी नळ फिरवून बघितला. पाणी सकाळीच गेलेलं. टिपूस नाही, आवाजही नाही. यांना स्टुलावर बसवलं, दार लोटलं आणि बाहेर उभी राहिले.

हंडी फुटली, ढोल पुढच्या गल्लीत गेले. जरा शांत झालं... आणि मला आतून आवाज आला.

शूऽऽऽ... शूऽऽऽ...

लहान मुलाला पायांवर बसवून करतात ना, तसा. आपण पाय लांब करून बसायचं, पोराला पावलांवर बसवायचं, त्याची पाठ आपल्या नडग्यांना टेकवायची, आणि तोंडाने शूऽऽ. मला वाटलं, हेच स्वतःला करताहेत. इतकं वाईट वाटलं, की पदर तोंडात धरला.

आणि मग आतून धार लागल्याचा आवाज! मी तिथेच हात जोडले.

हे बाहेर आले ते माझ्यावरच डाफरत. "शू शू काय करत होतीस गं? मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"मी? मला वाटलं तुम्हीच करताय!"

"मी कशाला करू?"

"मग कोणी केलं? मेहताभाईंनी?"

यांना हसू आलं, टाक्यांवर हात दाबून हसले. मग एकदम थांबले आणि म्हणाले, "मला क्षणभर स्टूल लागतच नव्हतं. खाली कुणाची तरी पावलं होती... आणि पाठीला ऊब." मी म्हटलं, अशक्तपणा आहे, चला. तो विषय तिथेच संपला. संध्याकाळी डॉक्टर खूश, मेहताभाईंनी सगळ्या वॉर्डाला पेढे वाटले.

दिवाळीच्या आधी गावाहून माझी धाकटी चुलत जाऊ आली. आक्कांना तीच सांभाळायची. चहा पिता पिता ती मजेमजेत सांगायला लागली, "वयनी, आमची म्हातारी खुळावली वो! दहीकाल्याक सगळे देवळात गेल्ले, मी एकटीच घरात. आक्का माका हातान खुणावता, उठय म्हणान. भिंतीक टेकून बसयलंय. तर ह्या बयेन लुळो पाय हातान ओढून सरळ केल्यान, दोनय पाय लांब केल्यान... आणि तोंडान शूऽऽ, शूऽऽ! पायांर कोण नाय, काय नाय! मी म्हटलंय, आक्के, काय करतंस गो? तर माका गप रव म्हणान हात केल्यान. वर्षभर जिच्या तोंडातसून आवाज नाय, ती! मगे पदरान पावलां पुसून घेतल्यान. कोरडीच व्हती वो..."

ती हसत होती. आम्ही दोघं हसत नाही हे बघून थांबली. हे उठून गॅलरीत गेले.

मग तिला सगळं सांगितलं, आणि यांनी तिच्याकडून देवाची शपथ घेतली, आक्काला यातलं काही सांगायचं नाही. तिने सांगितलं नाही. आजही ती हेच म्हणते, आणि ती खोटं बोलणारी नाही.

नंतर एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मन सैल झालं की स्नायूही सैल होतात, लहानपणीची आठवण आली असेल त्यांना. बरं. यांचं मानलं. पण पावलं काय, ऊब काय, ते यांना वाटलं... मी तर बाहेर धडधाकट उभी होते ना? मी ती शूऽऽ कशी ऐकली?

मे महिन्यात आम्ही गावी गेलो. हे सरळ आक्कांच्या पायाशी बसले आणि त्यांच्या पावलांना खोबरेल चोळत राहिले. मला वाटलं, आता विचारतील... पण यांनी वाटीतलं आणखी तेल हातावर घेतलं. मग आक्कांनी डावा हात पुढे केला आणि शर्टावरून अलगद यांच्या ओटीपोटावर ठेवला. बरोबर टाक्यांच्या जागी.

"दुकता?" एवढा एकच शब्द, पण स्वच्छ.

हे म्हणाले, "नाय गो आक्के. आता नाय."

आता दोघंही नाहीत. मी अजून कशावर विश्वास ठेवत नाही. फक्त नातवंडांना पायांवर बसवलं, की शूऽ म्हणायच्या आधी मी जरा कान देऊन ऐकते... का, ते मला विचारू नका. मला खरंच माहीत नाही.