पुसलेल्या पाच खुणा

हे सांगायला मी जरा चिडूनच बसले आहे. गेले चार महिने ज्याला ज्याला सांगितलं त्याने एकतर "अगं, तू विसरली असशील" म्हणून उडवून लावलं, नाहीतर "गाडीला दृष्ट लागली असेल, एखादी शांत करून घे" म्हणून सल्ला दिला. दोन्ही मला मान्य नाही. मी विसरले नव्हते. आणि शांत वगैरे मी करणार नाही. माझा असल्या गोष्टींवर काल विश्वास नव्हता, आज नाही, आणि हे सगळं लिहून झाल्यावरही बसणार नाही... पण जे झालं ते झालं. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा.

मी मूळची साताऱ्याची. बारा वर्षं झाली बंगळुरात, बेळ्ळंदूरला राहते, आयटीत आहे. आई गेल्यापासून आप्पा, म्हणजे माझे वडील, माझ्याकडे असतात. आप्पांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. वय चौऱ्याहत्तर, पण रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरची चूक अजून मोठ्याने सांगतात.

मागच्या वर्षी मी एक जुनी टर्बो सेडान घेतली. दोन लिटर पेट्रोल, जर्मन, नऊ वर्षं वापरलेली. ऑफिसात सगळ्यांनी वेड्यात काढलं — जुनी टर्बो म्हणजे पांढरा हत्ती, एक दिवस रिंग रोडवर धूर काढत बसेल! अरे, बसेल ना, तुम्ही नीट ठेवली नाही तर. ह्या गाड्यांचं एकच गणित आहे : तुटायच्या आधी बदलायचं. कंपनी म्हणते ऑइल पंधरा हजार किलोमीटरवर बदला, मी सातवर बदलते. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या पंपाचं कवच प्लॅस्टिकचं असतं, ते कधीतरी गळणारच, म्हणून गळायच्या आधीच बदललं. प्लग, कॉइल, टर्बोला ऑइल नेणारी नळी... सगळं शिकले आणि सगळं स्वतःच्या हाताने केलं. बेसमेंटमध्ये माझ्या जागेवर चटई टाकून.

आप्पांना हे बिलकुल पटत नसे. "गाडी गॅरेजला दे. ही काय पोळ्या लाटायची गोष्ट आहे?" आता पोळ्या मला येत नाहीत हे त्यांना चांगलं ठाऊक आहे, तरी म्हणायचे. आणि गाडीत बसायचे नाहीत. अख्खं वर्ष! दवाखान्यात जायचं तरी ऑटो. सांगायला काय जातंय, मला ते लागायचं. ज्या माणसाच्या मांडीवर बसून मी स्टिअरिंग धरायला शिकले, त्याला माझ्या हातावर भरवसा नाही.

गाडी मी जयनगरच्या एका काकूंकडून घेतली. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेलं मराठी घर, बोलण्यात कन्नड मिसळलेलं. त्यांचे यजमान रामराव, सगळे नुसतं राव म्हणत, विमानाच्या कारखान्यात इन्स्पेक्टर होते. निवृत्तीनंतर हौसेने ही गाडी घेतली आणि मुलासारखी सांभाळली. ते गेले, मग गाडी सहा महिने तशीच उभी होती. काकूंनी किल्ली देताना एक वही दिली. कोणता पार्ट कधी बदलला, सगळं बारीक अक्षरात. "ह्यांचा जीव होता मा हिच्यात," म्हणाल्या, "स्वल्प बघून चालव." बस, एवढंच. भुताखेताचं कुणी काही बोललं नाही. आणि हो — गाडी घरी आणल्यावर चाकाखाली लिंबू चिरडायला मी नकार दिला होता. शेजारच्या अक्का अजून तेच काढतात.

आता मुद्द्यावर येते.

कोल्हापूरला माझ्या आत्याची पंचाहत्तरी होती. आप्पांची एकुलती एक बहीण. विमान नको, रात्रीची बस कंबरेला झेपत नाही, आणि रेल्वेचं तिकीट मिळेना. मी म्हटलं, आप्पा, माझ्या गाडीने चला. दोन दिवस गप्प राहिले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बरं." मी किचनमध्ये जाऊन एकटीच नाचले.

शनिवारी जेवून दोनला निघायचं, हुबळीला मुक्काम, रविवारी दुपारी कोल्हापूर. म्हणून शनिवारी सकाळी आठलाच मी खाली उतरले. पुढचे ब्रेक पॅड अजून चालले असते, पण घाटरस्ता आणि गाडीत आप्पा... बदलून टाकले. लगे हाथ चाकंही पुढची मागे, मागची पुढे केली. म्हणजे चारही चाकं निघाली. एका चाकाला पाच बोल्ट, असे वीस.

चाक बसवायची एक पद्धत असते. गाडी जॅकवर असताना बोल्ट हाताने घट्ट करायचे. मग गाडी खाली उतरवायची आणि टॉर्क रेंच लावायचा. हा एक लांब पाना असतो. त्यावर आकडा लावून ठेवला की तेवढा जोर झाल्यावर तो 'टक्' वाजतो. टक् वाजलं की बोल्ट पक्का. आणि पक्का झाला की मगच त्यावर पेंट मार्करने एक रेघ मारायची. रेघ दिसली म्हणजे हा बोल्ट झाला, परत बघायला नको. रेघ म्हणजे सही.

मी काय करायचे, माहितीये? रेघ आधी मारायचे. माझा डावा गुडघा दुखतो, सारखं ऊठबस नको वाटतं. चाकासमोर बसलेलीच असते, मार्कर उघडाच असतो... मारून टाकू, जॅक उतरवून आवळायचंच तर आहे. आणि दर वेळी आवळायचेही.

त्या दिवशी तीन चाकं झाली. शेवटचं राहिलं पुढचं डावं, म्हणजे आप्पा बसणार त्या बाजूचं. बोल्ट हाताने लावले. पिवळा मार्कर घेतला, पाच रेघा मारल्या. मार्कर जरा जास्त दाबला गेला आणि एक थेंब माझ्या चपलेवर पडला, तेवढ्यावरून मी त्याला शिवीही दिली. जॅक उतरवला, रेंच हातात घेतला... आणि आप्पांचा फोन. "अगं, बाथरूममधनं पाणी हॉलमध्ये यायलंय!"

सकाळी नळाला पाणी नव्हतं आणि मी नळ उघडाच ठेवला होता. तेवढ्यात टँकर आला असणार. रेंच खांबाला टेकवला आणि तशीच पळाले. तासभर पाणी काढलं, आंघोळ, जेवण, आप्पांच्या गोळ्या, बॅगा. पावणेदोनला खाली आले तेव्हा डोक्यात पक्कं बसलं होतं की चारही चाकं झाली. खांबाशी टेकलेला रेंच दिसला, उचलून पेटीत घातला. काडीची शंका आली नाही.

आप्पांसाठी डावं दार उघडलं आणि सहज खाली नजर गेली. चाकावर एकही रेघ नाही.

बाकीच्या तीन चाकांवर पंधराच्या पंधरा पिवळ्या रेघा ठणठणीत. ह्यावर एकही नाही. बरं, पुसट झाल्यात, ओघळल्यात असंही नाही. पाचही बोल्टची डोकी घासून पुसल्यासारखी लख्ख, आणि त्यांच्या भोवती ब्रेकची काळी धूळ जशीच्या तशी. आधी वाटलं, मारायच्या राहिल्या असतील. मग पायाकडे बघितलं. चपलेवर पिवळा थेंब होता.

खरं सांगते, तेव्हा भीती वगैरे वाटली नाही. राग आला. कोणी उपद्व्याप केला? पण माझा नियम आहे, रेघ नाही तर रेंच. चरफडत पेटी उघडली, नव्या कुर्त्यातच खाली बसले आणि पहिल्या बोल्टला रेंच लावला. म्हटलं लगेच टक् वाजेल.

वाजलं नाही. रेंच फिरला... आणखी फिरला... अर्ध्या वळशानंतर टक् झालं.

दुसरा तसाच. तिसराही. पाचही बोल्ट नुसते हाताने लावलेले. ह्या चाकावर मी आप्पांना बसवून शंभरच्या वेगाने हायवेला जाणार होते. आणि त्या पिवळ्या रेघा जागेवर असत्या तर खाली बसून बघितलंही नसतं, कारण सही माझीच होती.

"काय गं, राहिलं होतं का?" आप्पा बाजूला उभे होते.

"नाही हो आप्पा. डबल चेक."

तोंडावर खोटं बोलले. वर्षभराने हा माणूस माझ्या गाडीत बसायला तयार झाला होता, माझी जीभच रेटली नाही.

कोल्हापुरात आप्पांनी कहर केला. आत्याच्या पंगतीत सगळ्यांना सांगत सुटले : "आमची लेक गाडी काढायच्या आधी दुसऱ्यांदा बोल्ट तपासते, बरं का! एकतीस वर्षांत मी असा मेकॅनिक बघितला नाही." मी मान खाली घालून भात कालवत राहिले.

परत आल्यावर मी हात धुऊन मागे लागले. वॉचमन मंजुनाथ अण्णांना घेऊन सीसीटीव्ही बघितला. कॅमेरा समोरच्याच खांबावर आहे, गाडीची डावी बाजू स्वच्छ दिसते, फक्त बोल्टवरच्या रेघा तेवढ्या लांबून दिसत नाहीत. बारा वाजून आठ मिनिटांनी मी पळत जाते. एक वाजून एकेचाळीसला बॅग घेऊन येते. मधल्या वेळात एक मांजर आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंची स्कूटी. गाडीजवळ कुणी फिरकलं नाही. आम्ही ते तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा अण्णा "सरी मॅडम", म्हणजे 'बरं मॅडम', असं म्हणाले आणि देवाचं नाव घेतलं. मी म्हटलं, अण्णा, प्लीज.

गाडी धुणारा त्या आठवड्यात गावी गेलेला. मग म्हटलं, पेंटच निकृष्ट असेल. त्याच मार्करने रेघ मारली, तासाभराने ओल्या फडक्याने घासली. ढिम्म हलली नाही. पेट्रोल लावलं, सॅनिटायझर लावलं, नुसती फिकी झाली. शेवटी चिकपेटच्या हार्डवेअरच्या दुकानातून थिनर आणलं, तेव्हा कुठे दोन मिनिटं घासून निघाली. माझ्या घरी तोपर्यंत थिनरची बाटली नव्हती.

मग एका शनिवारी भडंगाचा पुडा घेऊन जयनगरला काकूंकडे गेले. त्यांना ह्यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. कॉफी झाल्यावर हळूच विचारलं, "काकू, राव चाकाच्या बोल्टवर खुणा करायचे का हो?"

काकू हसायलाच लागल्या. "खुणा करायचे? अय्यो, पुसायचे मा! गॅरेजवाले खूण करून द्यायचे ना, की हे घरी येऊन थिनर घेऊन बसायचे. सगळ्या पुसायच्या, स्वतः पाना लावायचा, मग आपली खूण. मी म्हणायची, त्यांनी केलंय अल्ला, केलंय ना, कशाला परत? तर म्हणायचे, काम व्हायच्या आधी सही केली नाही कशावरून? कारखान्यात पण तस्संच. न तपासता शिक्का मारलेला दिसला की आधी शिक्का पुसायचे, मग माणसाला बोलवायचे. काही लोक रागावायचे पण ह्यांच्यावर."

मी कप खाली ठेवला.

पण मी अशी गप्प बसणारी नाही. पुढच्या रविवारी मुद्दाम तेच चाक काढलं, हाताने बोल्ट लावले, न आवळता पाच रेघा मारल्या आणि समोर स्टूल टाकून बसले. भर दुपारी, चहाचा थर्मास घेऊन. चार तास! शेवटी मोठ्याने म्हटलंसुद्धा, "या राव, पुसा ना आता!" स्कूटीवाल्या बाई बघत होत्या, बघू देत. काही झालं नाही. रेघा जागच्या जागी. शेवटी मीच थिनर घेऊन पुसल्या, बोल्ट आवळले आणि मग मारल्या. तेव्हापासून रेघ नेहमी नंतरच मारते. गुडघा दुखला तर दुखला.

आता म्हणा, राव आले होते. मी म्हणणार नाही. म्हणा, तूच पुसल्यास आणि विसरलीस. कशाने पुसल्या? थुंकीने? माझ्याकडे उत्तर नाही, पण तुमच्याकडेही नाही, तेव्हा उगाच शहाणपण नको.

एक गोष्ट मात्र मला टोचत होती. परवा धीर केला आणि आप्पांना सगळं सांगितलं. रेघ आधी मारायची सवय, उघडा नळ, सैल बोल्ट, आणि ते 'डबल चेक'.

आप्पा टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाले, "माहीत आहे मला."

"काय?"

"पाना अर्धा वळसा फिरला. एसटीच्या ड्रायव्हरला सांगतेस होय डबल चेक?"

मला रडूच आलं. "मग बसलात कशाला गाडीत?"

"पाच वेळा टक् वाजलं. मोजलं मी. मग बसलो." मग टीव्ही बंद केला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि पंगतीत तसं मुद्दाम बोललो. म्हटलं, बघू किती दिवस पचतंय तुला."

"आणि आप्पा, खुणा? त्या कुणी पुसल्या?"

"ते नाही बुवा मला सांगता येणार," म्हणाले, "पण जो कोण असेल ना... असा माणूस डेपोत असता, तर मी निवांत गाडी काढली असती."

गाडी विकणार नाहीये, तेव्हा किंमत विचारायला मेसेज करू नका.