बाबांची पट्टी

चंद्रपूरला मी पेटी घेऊन आले. कपड्यांची बॅगही होती, पण ती बसच्या डिक्कीत गेली आणि पेटी मांडीवर. गोंडपिपरी सुटल्यावर कंडक्टर म्हणाला, "बाई, पेटी घेऊन शहरात कायले चालली?" मी संगीतात काहीतरी करून दाखवायला निघाले आहे, असं उत्तर मी तयार ठेवलं होतं. आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं. तोंडातून निघालं, "दुरुस्तीले." पुढचे काही महिने पाहता तेच उत्तर जास्त खरं होतं.

मावशीचं घर बाबूपेठेत. ती कामगारांना जेवणाचे डबे करून देते. मावसा घुग्घुसला कोळशाच्या वजनकाट्यावर बसतात. भरलेला ट्रक काट्यावर चढतो, पडद्यावर आकडा येतो आणि मावसा पावती फाडतात. तिथे आणखी एक जागा निघणार होती आणि त्यांच्या शब्दाला तिथे मान होता. बाबांनी मला गावातून सोडलं ते पेटीच्या नाही, या काट्याच्या भरवशावर. "दिवाळीवरी पाह्य," ते म्हणाले. "पेटीवर काम भेटलं त भेटलं. नाईत काटा हायेच." मीही मान डोलावली, कारण दिवाळीपर्यंत आपलं नाव होणार याबद्दल मला शंका नव्हती. निदान बाबूपेठेत तरी.

माझं शिक्षण इथेच सांगून टाकते, कारण सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. आमच्या गावात बाबांची गायन पार्टी आहे. जयंती, लग्न, नवीन घराचा कार्यक्रम, काहीही असो, बाबा गातात. आवाज मोठा आणि मनापासून. फक्त त्यांना एक सवय आहे. ज्या सुरात तोंड उघडेल त्या सुरात ते सुरू करतात आणि भावना दाटत जाईल तसे प्रत्येक कडव्याला थोडे थोडे वर सरकतात. शेवटच्या कडव्यापर्यंत ते अशा ठिकाणी पोहोचलेले असतात जिथे ते गाणं कुणीच कधी नेलेलं नसतं. आधीचा पेटीवाला यावरून भांडून गेला, आणि घरात दुसरं कुणी रिकामं नव्हतं म्हणून मला पेटीवर बसवलं. तेव्हा माझा हात नीट भात्यापर्यंत पोचत नव्हता. गाणं एका जागी थांबायला पाहिजे हे मला कुणी सांगितलंच नाही. बाबा सरकले की मी बोटं सरकवायची, एवढंच मला ठाऊक. इतर मुली गाणी शिकतात, मी बाबा शिकले.

त्यामुळे ऐकणाऱ्यांना वाटायचं की सगळं बरोबर आहे. बाबांनाही तसंच वाटायचं. पुढे मोबाईल आला, तीच गाणी मी मोबाईलवर ऐकली, आणि ती सुरू झाली त्याच जागी संपतात हे पाहून मला आधी मोबाईलचाच संशय आला. मग कळलं. मी बाबांना काही बोलले नाही. त्या माणसाकडे थोडं धान, एक सायकल आणि तो आवाज, एवढंच होतं. आवाजाचं काही होऊ द्यायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं. तो त्यांचा अभिमान होता आणि मला तो फार प्रिय होता.

शहरात पहिल्यांदा गेले ती लग्नात वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्राकडे. तिथल्या प्रमुखाने विचारलं, "पट्टी कोणती?" गाण्याचा मूळ सूर लोक पेटीच्या पट्ट्यांवरून काळी एक, पांढरी चार असा सांगतात हे मला नंतर समजलं. मी सांगितलं, "बाबांची." क्षणभर त्याला वाटलं असावं की हा कुठल्यातरी घराण्याचा प्रकार आहे, कारण तो आदराने गप्प बसला. मग त्याने तालीम सुरू केली. गाणारी मुलगी नवीन होती, घाबरून दुसऱ्या कडव्याला जराशी वर गेली. मी तिच्यासोबत गेले. गिटारवाला, बासवाला, सगळे होते तिथेच राहिले. गाणं थांबलं तेव्हा सगळे माझ्याकडे पाहत होते आणि मी त्यांच्याकडे, की हे लोक मागे का राहिले?

"ताई," प्रमुख म्हणाला, "गाणारी चुकली तर तिला परत आणायचं असतं. तुम्ही तर तिच्यासोबत पळून गेल्या."

तिथून मोहर्लीला एका रिसॉर्टवर काम लागलं. पाहुणे वाघ पाहून आले की संध्याकाळी त्यांना लोकसंगीत ऐकवायचं. मॅनेजरने मला नऊवारी नेसायला लावली, कंदिलाखाली बसवलं आणि म्हणाला, "वाजवा, पण ऐकू येऊ देऊ नका. जंगल आहे." मला वाटलं तो गंमत करतोय. त्याने दोन बोटं ओठांवर ठेवून पुन्हा सांगितलं की फोटोत पेटी छान दिसते, तेवढंच पुरे. मग मी भाता न हलवता नुसती बोटं फिरवायला लागले. आयुष्यात इतकी निर्दोष कधी वाजवली नव्हती. एका पाहुण्या बाईंनी जवळ येऊन पेटी बिघडली आहे का असं विचारलं. मी म्हटलं, हो, दुरुस्तीला न्यायची आहे. पावसाळ्यात जंगल बंद झालं आणि माझं कामही बंद झालं.

मग मी मावशीचे डबे पोचवू लागले. मावसा रोज जेवताना काट्यावरच्या गोष्टी सांगायला लागले. तिथे पंखा आहे, खुर्ची फिरते, वगैरे.

डब्यांपैकी काही डबे रविवारी दुपारी एका टाइल्सच्या दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये जायचे. तिथे निवृत्त लोकांचा कराओके क्लब होता. मशीनवर गाण्याचं नुसतं वाद्यांचं संगीत लावायचं, पडद्यावर शब्द येतात, ते पाहून गायचं. क्लब चालवायच्या त्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, सगळे त्यांना मॅडम म्हणत. आणि तिथले सर्वांत उत्साही गायक म्हणजे कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले एक काकाजी. खाणीत यंत्रांच्या आवाजावर ओरडून बोलून त्यांचा गळा तयार झाला होता. काकाजी आणि मशीन एकत्र निघत. अर्ध्या रस्त्यात काकाजी वर निघून जात, मशीन आपल्या वाटेने जाई, आणि काकाजी माईक खाली ठेवून म्हणत, "आज बी नाई लागला बाप्पा."

मी डबे मांडता मांडता ऐकत होते. मनात म्हटलं, हे तर आमच्या घरचंच आहे.

एका रविवारी काकाजींच्या गाण्याच्या मध्येच वीज गेली. मशीन बंद, पंखे बंद. डोळे मिटलेले असल्यामुळे काकाजी तसेच चालू राहिले. कोपऱ्यात एक जुनी पेटी होती, तिच्यावर कापड आणि कापडावर प्लॅस्टिकची फुलं. मी हातातला डबा खाली ठेवला, फुलं बाजूला केली आणि बसले. काकाजी वर सरकले, मी सरकले. आणखी सरकले, मी मागोमाग. गाणं संपलं. काकाजींनी डोळे उघडले आणि हॉलभर पाहत म्हणाले, "आज लागला ना जी सूर!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "दर रविवारी पेटीवर बसशील?"

अशी मला शहरात नोकरी लागली. रविवारी क्लबमध्ये आणि मधल्या दिवसांत एकेकाच्या घरी सरावाला. मशीनवर हरलेली सगळी माणसं माझ्याकडे यायला लागली. माझी कला कोणती, असं कुणी विचारलं असतं तर चुकणाऱ्याला एकटं न सोडणं, असं काहीतरी गोड उत्तर मी देऊ शकले असते. मावशी मात्र म्हणायची, "लोकायसंग चुकाचा पगार घेते आमची पोरगी."

दिवाळी जवळ आली आणि काट्यावरची जागा निघाली. बाबांचा फोन आला. "मी येऊन पाह्यतो. काम असन त राह्य, नाईत मावशासंग जाय." मला धडकी भरली. काट्याची नाही. बाबा क्लबमध्ये बसणार, काकाजी गाणार, मी मागे मागे जाणार. हे सगळं पाहिल्यावर स्वतःच्या गाण्याबद्दल कळायला बाबांना कितीसा वेळ लागणार? गावात ते पुढे उभे राहून गातात आणि मी त्यांच्या पाठीमागे बसते. इतक्या वर्षांत गाताना माझी बोटं त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

बाबा आले. पांढरा शर्ट, पिशवीत मावशीसाठी लाखोळीची डाळ. सगळ्यांना हात जोडून जयभीम केला आणि नेमके माझ्या समोरच्या खुर्चीत बसले. काकाजींनी जोरात सुरुवात केली. माझ्या बोटांनी माझं ऐकलं नाही. मी त्या दिवशी थांबून पाहणार होते, एका जागी राहणार होते, पण काकाजी वर जाताच ती आपोआप गेली. बाबा काकाजींकडे पाहतच नव्हते. ते माझ्या हातांकडे पाहत होते.

गाणं संपल्यावर काकाजी उत्साहाने म्हणाले, "भाऊ, तुमी बी गाता म्हने. म्हना ना एक!" आणि पाहुण्याचा मान म्हणून त्यांनी मशीनच लावलं. मी नको म्हणेपर्यंत संगीत सुरू झालं. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याला बाबा नेहमीसारखे वर गेले. मशीन गेलं नाही.

बाबा थांबले. त्यांना गाताना मध्येच थांबलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. कुणी हसलं नाही. तिथला प्रत्येक माणूस त्या जागी कधी ना कधी उभा राहिला होता.

"खराब हाये जी ते," काकाजी म्हणाले. "कोनाचंच आयकत नाई."

"बंद करा," बाबा म्हणाले. "बाई, तू घे."

मी पेटी घेतली. या वेळी बाबा माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. गायले. प्रत्येक कडव्याला वर गेले आणि प्रत्येक वेळी माझी बोटं सरकताना त्यांनी पाहिली. तरी ते थांबले नाहीत, पार शेवटपर्यंत गेले. टाळ्या पडल्या. मॅडमही वाजवत होत्या.

बसस्टँडवर आम्ही चहा घेतला.

"त्या कोळशाच्या खानीवाल्या भाऊचा सूर सुटते," ते म्हणाले.

"हाव."

"तू त्याले समजू देत नाई."

"नाई."

"माया बी सुटते?"

मी म्हटलं, "सुटत नाई बाबा. चढते."

"कधीपासून?"

"पयल्यापासून."

बाबांनी चहा संपवला, कप ठेवला, पिशवी उचलली. गोंडपिपरीची बस लागली होती. ते चढले आणि खिडकीजवळ बसले. मी खाली उभी होते. काट्याचं काय ते विचारायची माझी हिंमत होत नव्हती. बस हलली तेव्हा त्यांनी काच सरकवली.

"मावशाले सांगतो मी," ते मोठ्याने म्हणाले. "काट्यावर खरं वजन सांगा लागते. तुले नाई जमनार ते."